दुसऱ्या खोलीतलं कार्ड

शमीमनं स्टेअरिंग सोडलं, दार ढकललं आणि व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या बेसिनपर्यंत पोचायच्या आत तिला उलटी झाली.

मी धावत जाऊन तिची पाठ चोळली. मुक्तानं पाण्याची बाटली पुढं केली. आमच्या मागं बिराजदार सर हात पाठीमागं बांधून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कीव होती. राग परवडला असता.

"शमीमताई, आता पुरे करा," ते म्हणाले. "एखाद्याच्या शरीराला नाही मानवत. त्यात कमीपणा नाही."

"सर, मी रोज शाळेच्या पोरांची रिक्षा चालवते," शमीम तोंड पुसत म्हणाली. "गंजगोलाईच्या बाजारातनं. आजवर कुणाला साधं खरचटलं नाही."

"रिक्षा वेगळी, बस वेगळी."

"पण ही बस कुठाय, सर? ही तर खोली आहे."

खरंच खोलीच होती ती. लातूरच्या बाहेर, औसा रस्त्याला, शहर बस चालवणाऱ्या एका कंपनीनं ड्रायव्हर तयार करायचं केंद्र काढलं होतं. तिथं शेजारशेजारच्या दोन खोल्यांत दोन सिम्युलेटर होते. बसचा खराखुरा दर्शनी भाग कापून आणून बसवलेला, ड्रायव्हरची सीट, स्टेअरिंग, गिअर, ब्रेक सगळं अस्सल. फक्त काचेच्या जागी तीन मोठे पडदे आणि त्या पडद्यांवर कॉम्प्युटरनं काढलेला रस्ता. आधी या नकली रस्त्यावर पास व्हायचं, मगच खऱ्या बसला हात लावायचा. पहिला टप्पा मोकळ्या हायवेचा, दुसरा गर्दीच्या बाजाराचा. हायवे आम्ही सगळ्याच जणी पार करत होतो. बाजारात शिरलं की आमचं पानिपत व्हायचं.

पुरुषांची बॅच पहिल्या खोलीत, आमची दुसऱ्या. बायांना मोकळेपणा वाटावा, पोरांनी मागं उभं राहून बघू नये, म्हणून मुद्दाम आम्हाला स्वतंत्र खोली दिली होती. त्याचं आम्हाला किती अप्रूप वाटलं होतं! कंपनीनं पहिल्यांदाच बायांची बॅच घेतली होती. ती निभावली तर पुढची निघणार होती. शनिवारी बिराजदार सर कंपनीच्या साहेबांना निकाल कळवणार होते, आणि काय कळवणार हे आम्हाला बुधवारीच दिसत होतं.

शमीमनं पिशवी भरली. ओढणी डोक्यावरून घेतली. "प्रयाग," ती मला म्हणाली, "तू तरी पास हो गं," आणि मागं न बघता फाटकाबाहेर पडली. पहिल्या खोलीच्या दारात उभा असलेला एक पोरगा शेजाऱ्याच्या कानात काहीतरी बोलला आणि दोघं हसले.

"काय हसलालाव रे?" मुक्तानं तिथूनच आवाज टाकला. पोरं आत पळाली.

मुक्ता गित्ते अहमदपूरकडची. लग्नाआधी बापाचा आणि लग्नानंतर सासऱ्याचा ट्रॅक्टर तिनंच हाकला होता. दुपारी आम्ही पायरीवर डबा उघडून बसलो. सकाळी बाजारात तिनं एका स्कूटरवाल्याला उडवलं होतं, मी फळांच्या गाड्याला. नकलीच माणसं ती, पण जिवाला लागायचं.

"एक सांगू का?" मुक्ता म्हणाली. "मी स्टेअरिंग वळवते आन् रस्ता मागनं वळतो."

"म्हणजे?"

"म्हणजे कसं, म्हशीला हाक मारावी, तिनं जरा विचार करावा आन् मग उठावं. तसं. हायवेला नाही होत. बाजारात गर्दी आली की होतं. सरांना सांगितलं तर म्हणाले, तुम्ही अडखळताव म्हणून चित्र अडखळतंय."

भाकरीचा तुकडा माझ्या हातातच राहिला. हे वाक्य मी ऐकलं होतं. अगदी हेच नाही, पण याच जातीचं, शेकडो वेळा.

उदगीरला माझ्या भावाचं गेमिंग पार्लर होतं. संध्याकाळी मी गल्ल्यावर बसायचे. पोरं आली की पुढच्या कॉम्प्युटरसाठी हाणामारी. कोपऱ्यातल्या दोन कॉम्प्युटरवर बसायला कुणी तयार नसायचं. "ताई, त्याचं कार्ड जुनं आहे, अडकतंय ते." ग्राफिक कार्ड म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारा भाग. तो एका सेकंदात कितीतरी चित्रं भराभर काढतो, म्हणून आपल्याला हलतं दिसतं. त्या चित्रांना पोरं फ्रेम म्हणायची. जुनं कार्ड साधं मैदान झपाट्यानं काढेल, पण त्यात माणसं, सावल्या, धूर आला की त्याला धाप लागते. चित्रं कमी निघतात आणि उशिरा निघतात. जुन्या कार्डावर हरलेलं पोरगं उठून नव्यावर बसायचं आणि जिंकायचं. मी तेव्हा मनात म्हणायचे, काय बहाणे करतात ही कार्टी!

आता मीच हरत होते, आणि बहाणा शोधतेय की काय, हे माझं मलाच कळेना. पण शमीमची पाठ हाताखाली कशी थरथरत होती ते आठवलं आणि मी उठले.

बिराजदार सर केबिनमध्ये चहा पीत होते. उभी हयात त्यांनी एसटीवर काढली होती. भिंतीवर त्यांचं एक प्रशस्तिपत्र लावलेलं होतं, एकही अपघात न केल्याबद्दलचं. माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं आणि बशी खाली ठेवली.

"नाचता येईना, अंगण वाकडं," ते म्हणाले.

"मग अंगण मोजून तर बघू, सर."

"काय मोजायचं त्यात? दोन्ही यंत्रं एकाच ठिकाणाहून आलीत. तोच पडदा, तीच सीट. मागच्या वर्षी त्याच यंत्रावर पोरं पास होऊन गेली."

"मागच्या वर्षी हा बाजार होता?"

ते थांबले. "नाही. बाजार या वर्षी टाकला. आधी नुसता गावचा रस्ता होता."

"आणि पहिल्या खोलीतलं यंत्र?"

"ते या वर्षीच आलं."

"सर, या बॅचमधलं दोन्ही यंत्रांवर कोण बसलंय?"

कुणीच बसलं नव्हतं. पुरुष इकडं, आम्ही तिकडं. सर स्वतः तर नेहमी पाठीमागं उभे राहायचे, हातातल्या टॅबवर गुण बघत. त्यांनी चहा अर्धा टाकला आणि चाव्या घेतल्या.

यंत्र जुळवणाऱ्या इंजिनिअरसाठी एक सोय ठेवलेली असते, पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेमचा आकडा दाखवायची. पार्लरच्या खेळांतही ती असायची, म्हणून ती कुठं सापडते याचा मला अंदाज होता. मी दुसऱ्या खोलीत ती चालू केली आणि मुक्ताला बसवलं. हायवेवर आकडा चाळिसाच्या आसपास डुलत होता. गाडी बाजाराच्या कमानीतून आत शिरली, माणसं दिसायला लागली, दुकानांच्या ताडपत्र्या, त्यांच्या सावल्या, आणि आकडा घसरला. तीस, बावीस, चौदा. चित्र धक्के खात पुढं सरकू लागलं. मुक्तानं डोळे मिटून ब्रेक दाबला.

मग आम्ही पहिल्या खोलीत गेलो. तिथं गोविंद केंद्रे बसला होता, त्यांच्या बॅचमधला सगळ्यात हुशार. त्याला म्हटलं, थांबू नकोस, चालवत राहा. तोच बाजार, तीच कमान, त्याच ताडपत्र्या. आकडा साठावर ठाण मांडून बसलेला. भर गर्दीतसुद्धा हलला नाही. रस्ता तुपासारखा वाहत होता.

मी सरांकडं बघितलं. त्यांच्या कपाळावर आठी होती, पण ते मान हलवायला तयार नव्हते.

"आकडे मला सांगू नका," ते म्हणाले. "आकडा काय गाडी चालवतो? चौदा काय आन् साठ काय, ज्याचा हात बसलाय तो चालवणारच."

"मग तुम्ही बसा की," मागून मुक्ता म्हणाली.

सर तिच्याकडं वळले. मला वाटलं, संपलं, आता आमचीही पिशवी भरायची. पण ते दुसऱ्या खोलीत गेले, चष्मा पुसला, सीट मागं सरकवली, आरसे लावले आणि पट्टा बांधला. नकली बसमध्ये पट्टा बांधणारे ते पहिलेच. पुरुषांची बॅच आमच्या मागून आत घुसली आणि भिंतीला चिकटून उभी राहिली.

हायवे त्यांनी असा मारला की बघत राहावं. वाटलं, आकड्यांचं आपलं गणित बहुतेक चुकलं. मग कमान आली.

पहिल्या वळणावर त्यांचे हात बरोबर फिरले, पण पडद्यावरचा रस्ता मागं राहिला. त्यांनी थोडं जास्त वळवलं. तेवढ्यात रस्ता एकदम वळला, जरुरीपेक्षा जास्त. त्यांनी उलटं घेतलं. चित्र पुन्हा मागं. मानेवर घाम दिसायला लागला. एक म्हातारी रस्ता ओलांडत होती. तिला त्यांनी वाचवलं आणि पलीकडच्या भाजीच्या गाड्यावर बस घातली.

पडदा लाल झाला.

कुणी हसलं नाही. सर पट्टा सोडून उठले, सीटच्या पाठीला धरून क्षणभर उभे राहिले आणि बाहेर गेले. बेसिनवर नळ बराच वेळ वाहत असल्याचा आवाज येत होता. आम्हाला न्याय हवा होता, पण सगळ्यांदेखत त्या माणसाची उभ्या जन्माची इज्जत आम्ही पणाला लावली होती.

ते परत आले तेव्हा केस ओले होते.

"प्रयागताई," ते म्हणाले. त्यांनी मला ताई म्हटलं तेही पहिल्यांदाच. "माझं वय झालंय. म्हणजे दोष माझाही असू शकतो. तर आता असं करू. ते नवं कार्ड इकडं आणि हे जुनं तिकडं. बसवता येईल?"

मी भावाच्या हाताखाली अनेकदा बघितलं होतं. दोनदा स्वतः बसवलंही होतं, तो जवळ उभा असताना. पण ही यंत्रं लाखांची. काही बिघडलं तर बॅच जाईलच, वर भरपाई कोण देणार?

"येईल," मी म्हटलं. मनात ग्रामदैवताला हात जोडले.

"माझ्या जबाबदारीवर करा," सर म्हणाले. "साहेबांना मी बघून घेतो."

दोन्ही यंत्रांची वीज बंद केली. लोखंडी खोक्यांची झाकणं काढली. आत दोन्हीकडं सगळं सारखं, फरक फक्त कार्डाचा. दुसऱ्या खोलीतलं कार्ड लहानसं, एकच पंखा, त्यावर धुळीचा थर. पहिल्या खोलीतलं लांबरुंद, तीन पंख्यांचं. एकाच कंपनीची कार्डं, पण मध्ये बरीच वर्षं गेलेली. धाकटं भावंड थोरल्याच्या डोक्यावरून वाढावं तसं. मी आधी खोक्याच्या पत्र्याला हात लावला, म्हणजे अंगातली वीज उतरते. मग स्क्रू काढले, खिटी दाबली, कार्ड अलगद वर घेतलं. मोठं कार्ड दुसऱ्या खोलीत नेताना मुक्ता माझ्या पुढं चालत होती, दोन्ही हात पसरून, लग्नात नवरीला वाट करून देतात तशी. "सरका, सरका!"

कार्ड खाचेत बसल्याचा 'टक्' आवाज झाला. वीज दिली. तिन्ही पडदे काळे. मी वाट बघितली. काळेच.

"वायर," भिंतीकडून गोविंद म्हणाला. "ताई, ती बाजूची वायर लावली का?"

मोठ्या कार्डाला जास्तीची वीज लागते, त्याची वेगळी वायर असते. गडबडीत ती तशीच लोंबत राहिली होती. बंद केलं, लावली, पुन्हा चालू केलं. पंखे गरगरले आणि पडद्यांवर हायवे उजाडला.

मुक्ता बसली. हायवे संपला, कमान आली, माणसं आली, ताडपत्र्या आल्या. आकडा साठ. तिनं स्टेअरिंग वळवलं.

"अगं माय!" ती ओरडली. "म्हैस हाक मारायच्या आधीच उठली!"

काय चालवली तिनं बस! स्कूटरवाल्याला वाट दिली, हातगाडीमागं अंतर ठेवून थांबली, बैलगाडीला हॉर्न न मारता बाजूनं गेली. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला बाहेर पडली तेव्हा पडदा हिरवा झाला. या खोलीत हिरवा पडदा आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. माझे डोळे भरून आले आणि मुक्ता मात्र सीटवर बसल्या बसल्या नाचत होती.

तिकडं पहिल्या खोलीत जुन्या कार्डावर गोविंद केंद्रे बसला. पोरगा मनाचा मोठा. कुणी सांगायच्या आधी स्वतःच गेला. थोड्या वेळानं भिंतीला धरून बाहेर आला. तोंड पांढरं पडलं होतं. खाली बसला, डोकं गुडघ्यांत घातलं.

"ताई," तो म्हणाला, "यावर तुम्ही इतके दिवस काढलाव?"

सकाळी हसलेली ती दोन पोरं खाली बघत होती.

सरांनी तिथल्या तिथं सांगितलं: यापुढं बाजाराची परीक्षा सगळ्यांची एकाच यंत्रावर, मोठ्या कार्डाच्या. जुन्यावर फक्त हायवे. पाळ्या लावा, आधी बाया. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "शमीमताईंचा नंबर लावा."

शमीमनं फोन उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या वेळी उचलला तो तिच्या सासूनं. मी काही बोलायच्या आत सरांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"मावशी, मी केंद्रातला बिराजदार बोलतोय. तुमच्या सुनेचा काही दोष नव्हता. यंत्र खराब होतं आमचं. मी स्वतः बसलो त्यावर, मलासुद्धा गरगरलं. तिला उद्या पाठवून द्या."

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. सरांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. फोन ठेवून त्यांनी रुमालानं तोंड झाकलं. आम्हाला वाटलं, काहीतरी वाईट घडलं.

"मावशी म्हणतात," ते कसंबसं म्हणाले, "सून उलटी करून घरी आली म्हणून त्यांनी शेजारीपाजारी गोड बातमी सांगून टाकली. आता लोकांना काय सांगू, विचारतायत."

सगळी बॅच खो खो हसत सुटली, बाया आणि बाप्ये एकत्र. केंद्रात आल्यापासून असं एकत्र हसायची आमची पहिलीच वेळ.

शमीम दुसऱ्या दिवशी आली. पहिल्याच फेरीत पास झाली. शनिवारपर्यंत आम्ही सगळ्याच झालो. पण एक गोष्ट सरांनी दाखवेपर्यंत आमच्या ध्यानातही आली नव्हती. त्यांनी दोन्ही बॅचचे गुण शेजारी शेजारी मांडले होते. वेगात पुरुष पुढं होते. पण पुढच्या गाडीपासूनचं अंतर, वेळेत लावलेला ब्रेक, वळणाआधी कमी केलेला वेग, या सगळ्यात आमच्या बॅचनं त्यांना कितीतरी मागं टाकलं होतं.

"का माहितीय?" सर म्हणाले. "त्या जुन्या कार्डावर रस्ता तुम्हाला उशिरा दिसायचा. म्हणून तुम्ही आधीच सावध व्हायला शिकलात. समोरचा काय करणार, हे तो करायच्या आधी ओळखायला शिकलात. मी हे पोरांना वर्षानुवर्षं ओरडून सांगतो. कुणी ऐकत नाही."

"म्हणजे जुनं कार्ड चांगलं म्हणायचं का, सर?" मुक्तानं विचारलं.

"कार्ड भंगारच आहे," सर म्हणाले. "चांगल्या तुम्ही."

सोमवारी खरी बस मिळाली. आज माझ्या हाताखालून किती ड्रायव्हर शिकून गेले, पण तो सोमवार काही डोळ्यांपुढून हलत नाही. शिकाऊ बसमध्ये डाव्या बाजूला, शिकवणाऱ्याच्या पायाशी, आणखी एक ब्रेक असतो. शिकाऊ चुकला तर त्यानं दाबायचा. सकाळी पुरुषांच्या बॅचला नेताना सरांचा पाय त्यावरून एकदाही हलला नव्हता, असं गोविंदनं आम्हाला सांगून ठेवलं होतं. आधी मुक्तानं चालवली, मग मी. सरांचा पाय ब्रेकवरच होता. दाबला नाही, पण होता.

मग शमीम बसली. तिनं बस गंजगोलाईकडं घेतली. सोळा रस्ते जिथं येऊन मिळतात ती जागा, भर बाजाराची वेळ. सराफ्याकडून माणसांचा लोंढा येत होता, पेरूवाले रस्त्यात, मध्येच एक टेम्पो उलटा येत असलेला. आम्ही सगळ्या श्वास रोखून मागच्या सीटांवर. शमीमनं लांबूनच वेग उतरवला. टेम्पोला जाऊ दिलं. एका आजीबाईसाठी थांबली, तिला हातानं खूण केली आणि बस गोलाईत अशी वळवली की उभ्या माणसाचा तोल जाऊ नये.

मी सरांकडं बघितलं. त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला. मग चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर ऐसपैस मांडी घालून ते खिडकीबाहेरची दुकानं बघत बसले.

मुक्तानं माझा हात घट्ट दाबला. शमीमचं लक्ष रस्त्यावर होतं. तिनं ते पाहिलंसुद्धा नाही. आम्ही मात्र सगळ्यांनी पाहिलं.